मडमेच्या कपाळावरचं भस्म

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

घोटाळे सगळ्यांच्याच हातून होतात. कुणी आमटीत मीठ विसरतं, कुणी संकष्टीला चंद्र न बघताच पानावर बसतं. माझ्या हातूनही असे बारीकसारीक पुष्कळ झाले. ते देवानं आणि सासूबाईंनी पोटात घातले. पण हा जो घोटाळा आहे ना, तो मी वाजत-गाजत केला. खोटं नाही सांगत! पुढं हलगी, मागं बँड आणि मधे आरतीचं ताट घेऊन मी. असा घोटाळा करायला नशीब लागतं!

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमचे हे पार्सल ऑफिसात कारकून. दोन खोल्या, मागं हातभर अंगण, अंगणाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं ड्रायव्हर लोकांचे बंगले. आमच्या बरोबर पाठीमागच्या बंगल्यात बार्कर साहेब राहायचा. मेल गाडीचा ड्रायव्हर. त्याची बायको डोरा आणि एक मुलगी, लिली. अँग्लो-इंडियन माणसं. घरात इंग्रजी, बाजारात हिंदी आणि कुत्र्याशी मराठी.

आता माझं ऐका. माझं माहेर गदगचं. घरात कानडी. आम्ही लिंगायत. सासरही लिंगायतच, पण चार पिढ्या तळेगाव ढमढेऱ्याला वाणसामानाचं दुकान चालवून पक्के मराठी झालेले. लग्न होऊन आले तेव्हा मला मराठीतले तीनच शब्द येत होते. हो, नाही आणि वाढू का. त्या तीन शब्दांवर मी पहिलं वर्ष काढलं. नंतर शिकले. इतकी शिकले की स्वप्नंसुद्धा मराठीत पडायला लागली. पण कॉलनीत माझं नाव काय? कानडी वहिनी. अकरा वर्षं झाली तरी कानडी वहिनी!

त्यात ते दिवस कसले? रोज वर्तमानपत्रात बेळगाव. नळावर घागर लावली की कुणीतरी विचारणारच, "काय वैनी, बेळगाव कुनाचं?"

मी म्हणायची, "जिला तिथं पाणी भरावं लागतं तिचं."

हसायच्या सगळ्या. मीही हसायची. पण घरी आले की घागर जरा जोरातच आपटायची.

आणखी एक होतं. आमच्यात सकाळी अंघोळ झाली की इष्टलिंगाची पूजा करायची आणि कपाळाला तीन बोटांनी भस्म लावायचं. लिंग गळ्यात, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं बांधलेलं. अख्ख्या कॉलनीत कपाळाला भस्म लावणारी बाई मी एकटी. शेजारची मालनबाई, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको, मनानं सोनं, पण जिभेला हाड नाही. ती म्हणायची, "वैनी, आज पुन्हा चुलीत त्वांड घातलं व्हय?"

अशात मी सोळा सोमवार धरले होते. कशासाठी, तर ह्यांची बदली हुबळीला व्हावी म्हणून. हे म्हणायचे, "अगं, ती रेल्वे वेगळी, ही रेल्वे वेगळी. असं बदलून मिळत नाही." पण महादेवाला रेल्वेचे झोन कुठं कळतात? मी आपली उपास करत होते.

तर शिवरात्र होऊन दोन-तीनच दिवस झालेले. बुधवार होता. मी सकाळी अंगणात धुणं वाळत घालत होते. पलीकडं डोरा मडमही धुणं घालत होती. आमचं बोलणं एरवी फारसं नसे. 'सलाम बाई', 'सलाम मॅडम', संपलं. बार्कर मंडळी कुणाशीच फार बोलत नसत. कशी बोलणार? बाजारात भाऊसाहेबांचं कापडदुकान होतं. ते दर आठवड्याला चौकात खुर्चीवर उभे राहून भाषण करायचे. "गोरे गेले! पण त्यांच्या सावल्या अजून रेल्वेच्या बंगल्यांत राहतात! त्या कधी जाणार?" टाळ्या पडायच्या. कोपऱ्यावरून बार्कर साहेब पावाची पिशवी घेऊन मान खाली घालून जायचा. आता तुम्हीच सांगा, दौंडात जन्मलेला माणूस जाणार तरी कुठं?

असो. त्या बुधवारी मी मान वर केली आणि माझ्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं.

मडमेच्या कपाळाला भस्म!

मी डोळे पुसून बघितलं. भस्मच. तीन आडव्या रेघा नव्हत्या, नुसताच करडा फराटा होता. म्हटलं, नवी आहे बिचारी, हात बसायचाय अजून.

मला राहवतंय होय? मी कुंपणाशी गेले. माझ्या कपाळाला बोट लावलं, तिच्या कपाळाकडं बोट केलं.

"मॅडम, ये?"

"हाँ, बाई," ती हसली. "आज लगाते हैं. प्रेयर का राख."

"उपास?"

"हाँ हाँ, उपास. चालीस दिन."

चाळीस दिवस! अहो, मी सोळा सोमवारांचा गवगवा करून ठेवला होता, आणि ही बाई सलग चाळीस दिवस!

"मटण?"

"फ्रायडे को बिलकुल नहीं."

"साखर?"

"बंद. चाय में भी बंद."

मला गहिवरून आलं. तेवढ्यात ती बादलीतलं धुणं घ्यायला वाकली आणि तिच्या झग्याच्या गळ्यातून एक तपकिरी दोरा बाहेर आला. दोऱ्याला बोटभर चौकोनी कापडी पुडी. तिनं ती चटकन ओठांना लावली आणि परत आत टाकली.

आता सांगा, भस्म आहे, उपास आहे, गळ्यात दोरा आहे, दोऱ्याला पुडी आहे, आणि ती चारचौघांपासून झाकून ठेवली आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? आमच्याकडं गरिबाघरी चांदीची डबी परवडली नाही तर लिंग असंच कापडात शिवून गळ्यात बांधतात. माझ्या आजीचं तसंच होतं!

मी माझी डबी बाहेर काढून दाखवली. ती तिचा दोरा काढून दाखवायला लागली. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना गळे उघडे टाकून उभ्या. कुणी पाहिलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं.

"ये किसने दिया?" मी विचारलं.

"मेरी मदर. मरते टाइम." मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मेरी मदर की मदर इधर की थी. शिरूर की. सखूबाई. उधर गोरा लोग का कॅम्प था न पहले, उसमें काम करती थी."

झालं! माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला. आजी शिरूरची, तिनं लिंग लेकीला दिलं, लेकीनं नातीला दिलं. म्हणजे ही आमच्यातलीच! अकरा वर्षं मी या गावात एकटी, आणि माझं माणूस कुंपणापलीकडं झगा घालून धुणं वाळत घालत होतं!

डोरानं माझा हात धरला. "लेकिन किसी को बोलना नहीं. लिली की शादी की बात चालू है. लड़का अच्छा है, इगतपुरी में इंजिन पे फायरमन है. संडे को उसकी माँ आनेवाली. वो बहुत रंग देखती है, बाई. बोलती है, हमारे घर में काला खून नहीं मंगता. मालूम पड़ा तो लिली का…"

लिली वीस वर्षांची. सावळी, तरतरीत, टायपिंग शिकलेली. त्या मुलासाठी जीव टाकायची, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत पळत जायची.

मी गळ्यातल्या लिंगाची शपथ घेतली. "नहीं बोलूँगी."

आणि नाहीच बोलले! फक्त मालनबाईला सांगितलं.

असं बघू नका हो माझ्याकडं. गोष्ट लपवायची ती इगतपुरीच्या बाईपासून. कुठं इगतपुरी, कुठं मालनबाई! शिवाय मालनबाईलाही मी शपथ घातली होती. आणि खरं सांगू? "चुलीत त्वांड घातलं व्हय" म्हणणाऱ्या बाईला एकदा तरी सांगायचं होतं मला, की बघ, मडमसुद्धा लावते!

मालनबाईनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया! मडम शंकराची?"

"हळू बोला. आजी शिरूरची होती तिची, सखूबाई."

"म्हंजी आपलीच की वो! आन् आमी समजत व्हतो विलायतची!"

"कुणाला सांगायचं नाही हं, मालनबाई."

"माज्या त्वांडातनं काडीमात्र जायचं न्हाई."

काडीमात्र नाही गेलं. गाडीभर गेलं. संध्याकाळपर्यंत नळावर मडम शंकराची भक्तीण झाली होती. गुरुवारी सकाळी ती काशीला जाऊन आली होती. दुपारी तिच्या अंगात यायला लागलं. आणि शुक्रवारी उजाडता उजाडता मी मागचं दार उघडते तर काय? बंगल्याच्या फाटकाशी बायकांची ही रांग! कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात कागदाची पुडी.

"काय झालं?"

"आंगारा पायजे, वैनी. मडमच्या हातचा."

डोरा दारात येऊन गोंधळून बघत होती. "क्या मंगता?"

"राख, मडम. थोडी राख द्या."

बिचारीला वाटलं, भांडी घासायला हवी असेल. कॉलनीत कोळशाची शेगडी कुणाकडं नाही? पण मागायला आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तिनं आतून घमेलं आणलं आणि पळीनं प्रत्येकीच्या वाटीत राख घातली. वर म्हणाली, "और मंगता तो शाम को आओ, बहुत है."

बायका म्हणाल्या, काय दानत आहे! मालनबाईच्या सासूनं ती राख कपाळाला लावली, चिमूटभर जिभेवर टाकली, आणि देवाची करणी बघा, म्हातारीचा महिन्याचा खोकला त्या रात्री थांबला! शनिवारी रांग दुप्पट झाली.

हे सगळं भाऊसाहेबांच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. शनिवारी दुपारी ते स्वतः आमच्या दारात. डोक्याला टोपी, हातात छत्री, मागं चार कार्यकर्ते. आमच्या दारात! अकरा वर्षांत ते कधी फिरकले नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही फार मोठं राष्ट्रकार्य केलंत."

"मी?"

"एक हरवलेली भगिनी शोधून काढलीत. उद्या रविवारी दुपारी चार वाजता आपण तिचा जाहीर सत्कार करणार. मिरवणूक, हलगी, बँड. माझ्या दुकानातली हिरवी साडी, खण, नारळ. नवीन नावही काढलंय, गौरी. आणि वहिनी, आरतीचं ताट घेऊन पुढं तुम्ही चालायचं. तुमच्याशिवाय हा मान कुणाचा?"

मंडळी, 'कानडी' हा शब्दच नव्हता वाक्यात! नुसतं 'वहिनी'! मला खरंच रडू आलं. रविवार म्हटल्यावर मला काही आठवायला नको होतं का? मडमेनं हात धरून सांगितलं होतं, रविवारी कोण येणार आहे ते. पण माझ्या डोक्यात फक्त एकच, मी पुढं चालणार!

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी घास हातात धरला.

"त्या बाईला कुणी विचारलं का?"

"सत्कार काय विचारून करतात?"

"तुला दोन भाषा येतात," हे म्हणाले, "पण एकीतसुद्धा गप्प बसता येत नाही."

मी मनावर घेतलं नाही. ठेवणीतली इरकल काढून उशाखाली घडीला ठेवली.

रविवारी चार वाजता आम्ही निघालो. काय तो थाट! हलगीवाला तर असा पेटला होता की तसं लग्नाच्या वरातीतही वाजवत नाही. बँडवाल्यांना दोनच चाली येत होत्या, त्या त्यांनी आलटून पालटून वाजवल्या. कॉलनीतली पोरंसोरं, नळावरच्या बायका, वाट्या घेतलेल्या म्हाताऱ्या, दोन हमाल आणि रस्त्यात मिळाले तेवढे सगळे. मी पुढं. निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा केलेला, मान ताठ.

फाटकातून आत शिरलो आणि मी जागीच थिजले.

व्हरांड्यात टेबलावर पांढरा कपडा. कपबशा. बार्कर साहेब कोट घालून. डोरा, लिली. एक गोरटेला तरुण. आणि मधल्या वेताच्या खुर्चीत एक भरदार बाई. डोक्याला जाळीची टोपी, हातात पांढरे हातमोजे, तोंडाला इतकी पावडर की कणकेत पडून उठल्यासारखी दिसत होती.

इगतपुरी! रविवार!

मी वळून हात हलवायला लागले, थांबा, थांबा! पण भाऊसाहेबांना वाटलं, मी बँड थांबवायला सांगतेय. त्यांनी बँड थांबवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बंधू-भगिनींनो! आज या बंगल्यात परकं कुणी राहत नाही! इथं राहते आपल्या मातीची लेक! शिरूरच्या सखूबाईंची नात!"

डोराचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. रागावलेला असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं फक्त बघितलं. लिलीनं हातातली किटली टेबलावर ठेवून दिली. इगतपुरीच्या बाईनं कप खाली ठेवला.

"व्हॉट इज धिस?" तिनं विचारलं. "कौन सखूबाई? किसका ग्रँडमदर?"

भाऊसाहेबांनी मला खूण केली, आरती करा. मी काय करणार? डोरापुढं गेले. आणि अजून एवढी मूर्ख की तिला हळूच विचारलं, "भस्म कुठंय?"

"वो तो वेन्सडे को था," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "चर्च का राख था, बाई. साल में एक दिन. सब कॅथलिक लोग लगाते हैं. लिली ने लगाया, साहब ने लगाया…" तिनं खुर्चीकडं हात केला. "इन्होंने भी इगतपुरी में लगाया होगा."

"ऑफकोर्स लगाया," टोपीवाली बाई म्हणाली.

मागनं मालनबाई किंचाळली, "आगं बया! ह्या बी शंकराच्या!"

"गप्प बसा हो!" भाऊसाहेब ओरडले. मग माझ्याकडं वळले. "वहिनी, हा काय प्रकार आहे? आणि गळ्यातलं लिंग?"

डोरानं दोरा बाहेर काढला. पुडीवर मेरीमातेचं बारकं चित्र होतं. मी बुधवारी ते उलट्या बाजूनं बघितलं होतं.

धरणी दुभंगावी म्हणतात ना? दौंडची जमीन काळी, उन्हाळ्यात वीतवीत भेगा पडतात तिला. नेमकी त्या दिवशी कुठं भेग नव्हती.

इगतपुरीची बाई उभी राहिली. छत्री घेतली. "टेडी, चलो." लिलीनं त्या मुलाकडं बघितलं. तो बघतच राहिला, एकदा आईकडं, एकदा हिच्याकडं. बिचाऱ्याचे पाय दोन गाड्यांत.

मग माझं मलाच कळलं नाही, मी काय बोलायला लागले ते. व्रताच्या दिवसांत मी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी धडाधड बोलले.

"मेमसाब, सब झूठ है! सखूबाई-बिखूबाई कोई नहीं! मैं कानडी बाई, मला ना हिंदी समजती ना मराठी. इन्होंने कुछ और बोला, मैंने कुछ और सुना. सारी गलती मेरी!"

आणि लोकांकडं वळून म्हटलं, "ऐकलंत ना? मी कानडी! मला तुमची भाषा येत नाही! अकरा वर्षांत आली नाही!"

जमाव हसला. "कानडी ती कानडीच," कुणीतरी म्हणालं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. ताटातलं निरांजन विझलं होतं. माझे डोळे भरले होते, पण म्हटलं, पोरीचं लग्न राहू दे, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

पण डोरा पुढं आली. तिनं माझ्या दंडाला धरलं.

"नहीं," ती म्हणाली. "इसने बराबर सुना. मैंने ही बोला था. सखूबाई मेरी ग्रँडमदर थी. शिरूर की. कॅम्प में आया थी. उसने मेरी माँ को बड़ा किया. मैं छुपाती थी. आज से नहीं छुपाऊँगी." आणि बाहीचं बटण सोडून तिनं हात पुढं केला. माझ्याच रंगाचा हात. "ये देखो. पावडर मुँह को लगता है, हात को कौन लगाएगा?"

हलगीवाल्यानंसुद्धा टिपरू काखेत घेतलं.

इगतपुरीची बाई त्या हाताकडं बघत राहिली. मग स्वतःच्या हातमोज्यांकडं. मग हळूच खुर्चीत बसली आणि तिनं विचारलं. काय विचारलं सांगू?

"शिरूरात कुटली?"

मराठीत! टोपीखालून, पावडरीतून, स्वच्छ शिरूरकडची, घोडनदीकाठची मराठी!

डोराला काही कळेना. "क्या?"

"शिरूरात कुटली म्हनते मी, तुजी आजी? नदीच्या अंगाची का बाजारातली?" बाईनं एक हातमोजा ओढून काढला. आतला हात चांगला गव्हाळ होता, आमच्या मालनबाईच्या हाताहून दोनच छटा उजळ. "माजी आजी मांडवगणची. मांडवगण फराट्याची. मला मांडीवर घिऊन बाजरीची भाकर कुस्करून भरवायची. धा वर्साची हुते तवा गेली. माज्या सासूनं सांगितलं, तिचं नाव ह्या घरात काडायचं न्हाई. न्हाई काडलं. पस्तीस वर्सं न्हाई काडलं."

"ममी!" टेडी म्हणाला. "यू नेव्हर टोल्ड मी!"

"तुला सांगून काय करू? तुला भाकर कुटं आवडती?" असं म्हणाली आणि ती भरदार बाई रुमालात तोंड घालून जी रडायला लागली, की गालांवरून पावडरीचे ओघळ. लिली धावत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. टेडी मधेच उभा राहून दोघींच्या पाठीवर थोपटत होता आणि माझ्याकडं बघून कारण नसताना "थँक्यू, थँक्यू" म्हणत होता.

मालनबाई म्हणाली, "आवो, रडतासा कशाला? मांडवगण काय लांब हाय का? म्या सोत्ता घिऊन जाते तुमाला."

ईस्टरनंतर लग्न करायचं, हे तिथंच ठरलं. तारीखसुद्धा.

सगळे डोळे पुसत होते. फक्त भाऊसाहेब हातात हिरवी साडी धरून उभे. एवढा बँड, एवढे लोक, भाषण निम्मं राहिलेलं. त्यांनी घसा खाकरला.

"म्हणजे ह्या शिरूरच्या," त्यांनी डोराकडं बोट केलं. "ह्या मांडवगणच्या. ह्या तर आधीपासूनच आपल्या. मग आपल्यात घ्यायचं कुणाला?"

हळूहळू एकेक मान फिरली. नळावरच्या बायकांची, हमालांची, बँडवाल्यांची, शेवटी मडमेचीसुद्धा. सगळे माझ्याकडं बघत होते. अहो, त्या अख्ख्या जमावात बाहेरची म्हणून एकटी मीच उरले होते, आणि आरतीचं ताटही माझ्याच हातात!

मालनबाई पुढं झाली. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, निरांजन पुन्हा पेटवलं आणि मलाच ओवाळायला लागली. "हुबं ऱ्हावा नीट, वैनी. हलू नका." डोरानं साडी माझ्या खांद्यावर टाकली. लिलीनं कपाळाला कुंकू लावलं, भस्माच्या रेघांच्या बरोबर खाली, रेघ न मोडता. बँडवाल्यांनी दोन्ही चाली एकदम वाजवल्या. भाऊसाहेब गरजले, "आजपासून ह्या भगिनी शंभर टक्के मराठी! वहिनी, चार शब्द बोला!"

मी जन्मात कधी चारचौघांत बोलले नव्हते. छाती भरून आली होती. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज घडत होतं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि काळजातून जे आलं ते बोलले. तुमचे उपकार मी विसरणार नाही, तुम्ही मला आपलं म्हटलंत, माझ्या आईला कळलं तर ती गदगहून चालत येईल, असं खूप काही. चांगली दोन मिनिटं बोलले.

डोळे उघडले तर सगळे स्तब्ध. मला वाटलं, भारावून गेलेत.

तेवढ्यात खुर्चीतून इगतपुरीच्या बाईनं मालनबाईला कोपरानं ढोसलं आणि हातातला हातमोजा माझ्याकडं करून विचारलं, "काय गं, काय बोलली ही? ही बाई हितली न्हाई वाटतं?"

दोन मिनिटं, मंडळी, पूर्ण दोन मिनिटं मी कानडीत बोलले होते.